ताळा जमिनीशी

सातारा
१२ जुलै

चि. सई,


तुझ्या वहीच्या पानाचा फोटो मिळाला. उत्तराभोवती चौकोन आणि बाजूला पेन्सिलीनं, ‘मामा, पुस्तकात ६,००० कसे?’ हे तू विचारलंस याचा फार आनंद झाला, म्हणून सविस्तर लिहितोय.

गणित असं : बेरिंग समुद्रातल्या सेंट मॅथ्यू बेटावर १९४४ साली अमेरिकी तटरक्षक दलानं २९ रेनडिअर सोडले. १९५७ साली ते १,३५० झाले. तर १९६३ साली किती? तू १,३२१ या वाढीला १३ वर्षांनी भागलंस, वर्षाला १०२ धरलेस आणि १,९६२ वर आलीस. भागाकार चोख आहे, पण हे सरळव्याज झालं. त्या २९ जनावरांत माद्या होत्या २४, आणि रेनडिअरला एका वेळी बहुधा एकच पाडस होतं. मग पहिल्याच वर्षी १०२ कुठून येणार? एवढं मनाशी विचारलं असतंस, तर दुसऱ्या ओळीलाच थबकली असतीस.

इथे चक्रवाढ लागते. व्याजाला व्याज, तसं पाडसाला पाडस. १,३५० ला २९ नं भाग, ४६.६ येतील. लॉग वापरून त्याचं तेरावं मूळ काढ : १.३४, म्हणजे वर्षाला ३४ टक्के वाढ. याच दरानं १९६३ साली सुमारे ७,८०० व्हायला हवेत. डेव्हिड क्लाइन या जीवशास्त्रज्ञाला आढळले ते सुमारे ६,०००.

आता घाईनं खोडरबर उचलू नकोस. ७,८०० आणि ६,००० यांच्यातला फरक ही चूक नव्हे, ती बातमी आहे. शेवटच्या सहा वर्षांचा दर वेगळा काढून बघ, २८ टक्के येतो. दर का उतरला? तू आईला गोड्या मसाल्यासाठी दगडफूल निवडून देतेस ना, त्याच्याच जातकुळीतली लायकेन हा तिथल्या रेनडिअरचा हिवाळ्यातला मुख्य आहार. ती वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर वाढते. बेटावर लांडगा नाही. कळप चक्रवाढीनं वाढला आणि चारा होता तो संपत गेला. १९५७ साली धष्टपुष्ट असलेली जनावरं १९६३ साली वजनानं बरीच उतरलेली क्लाइननं पाहिली.

२८ टक्क्यांनी आणखी तीन वर्षं पुढे जा. १९६६ चं उत्तर १२,६०० च्या घरात येईल. त्या वर्षी क्लाइन पुन्हा बेटावर गेला, तेव्हा जिवंत होते ४२. एकेचाळीस माद्या, एक नर, पाडस एकही नाही. बाकीच्यांची हाडं. १९६३-६४ च्या कडक हिवाळ्यात उपाशी कळप कोसळला होता. पुढे उरलेलेही संपले.

सई, हे वाचून गणितावरचा विश्वास उडू देऊ नकोस. सूत्रानं तुला फसवलं नाही. ‘दर असाच राहिला तर’ एवढंच ते म्हणत होतं. तो ‘तर’ आपण वाचत नाही. लहानपणी भागाकार झाला की आपण गुणून ताळा करायचो. तो ताळा आकड्याचा आकड्याशी. जिवंत गोष्टींच्या गणितात आणखी एक ताळा लागतो, तो जमिनीशी. एवढी तोंडं खाणार काय, राहणार कुठे, आणि खाल्लेलं पुन्हा किती दिवसांत उगवणार? हे प्रश्न परीक्षेत मार्क देणार नाहीत, तरी प्रत्येक उत्तराखाली स्वतःसाठी लिहीत जा. उद्या तू धरणाचं पाणी मोजशील, नाहीतर एखाद्या गावाची गुरं मोजशील, तेव्हा ही सवय कामी येईल.

आता तेच गणित कोऱ्या पानावर पुन्हा मांड. बेट सुमारे ३३० चौरस किलोमीटरचं आहे. १९६३ साली दर चौरस किलोमीटरला किती रेनडिअर होते, ते आधी काढ. मग १९६६ च्या उत्तराभोवती चौकोन करायचा का, ते तूच ठरव.

तुझा,
मामा