पाटीवरचे आकडे

मिस्त्रींनी चष्मा कपाळावर चढवला, टेबलाच्या कडेवरून तळहात फिरवला आणि म्हणाले, "पॉलिश एक नंबर झालंय, साहेब. शोकेस म्हणून बघितलं तर पैकीच्या पैकी मार्क. आता टेबल दाखवा."

तोवर त्या टेबलापायी माझे साडेचार महिने गेले होते.

फेब्रुवारीत भाच्याचा फोन आला. त्याच्या कॉलेजजवळचं पूल पार्लर बंद होत होतं आणि मालक एक आठ फुटी टेबल 'उचलून न्या, जागा मोकळी करा' या बोलीवर देत होता. फुकट ते पौष्टिक, हे आमच्या घराण्याचं ब्रीदच. सहकारनगरच्या आमच्या जुन्या बंगल्यात खाली गाडीची जागा रिकामी होती. "अहो, पण ते आणून नक्की करायचं काय?" असं सौ.नं विचारलं, तेव्हा मी ऐटीत म्हणालो, "गुढीपाडव्याला खेळायला बसू." पूल उभ्यानं खेळतात, एवढंही तेव्हा माझ्या डोक्यात नव्हतं. पाडवा गेला, आषाढी गेली, गणपती आले आणि गेले. पहिला डाव झाला तो दिवाळीच्या सुट्टीत.

हे सगळं लिहायचं कारण, गेल्या वर्षभरात ओळखीतल्या दोघांनी असंच जुनं टेबल घरी आणलंय आणि दोघांनीही फोन करून पहिला प्रश्न विचारला तो, "पॉलिश कुठलं मारलंस?" माझीही सुरुवात तिथूनच झाली होती.

जुनं टेबल दिसतं फर्निचरसारखं, म्हणून आपण त्याच्याशी फर्निचरसारखे वागतो. पण त्यातलं लाकूड फक्त दगड धरून ठेवायला असतं. खेळ होतो दगडावर आणि रबरावर. पूर्वी टेबलाचा तळ लाकडी फळ्यांचा असे आणि तो हवेप्रमाणे वाकडातिकडा होई. लंडनच्या जॉन थर्स्टननं १८२६च्या सुमारास त्या जागी स्लेट वापरायला घेतली, रबराच्या कुशनमागेही तोच लागला, आणि आजच्या टेबलाचा सांगाडा तिथून घडत गेला. हा इतिहास मी पार्लरच्या मालकाला सुनावलाही होता. त्याचा अर्थ मात्र माझ्या डोक्यात शिरला नव्हता.

पहिली चूक पार्लरमध्येच झाली. आठ फुटी टेबलाची स्लेट तीन तुकड्यांची असते, एकेक तुकडा सत्तर-पंचाहत्तर किलोचा. चार हमाल, एक टेम्पो आणि भाचा अशी फौज होती. तुकडे सुटे करताना मी हुशारीनं प्रत्येकावर खडूनं १, २, ३ असे आकडे घातले, बाणही काढले. घरी आल्यावर स्लेटवर जुन्या कपड्याचा गोंद आणि वीस वर्षांची खडूची निळी धूळ दिसली. मी बादली घेतली, ओलं फडकं घेतलं आणि तीनही तुकडे लख्ख पुसून काढले.

पाटीवर खडूनं लिहिलेलं ओल्या फडक्यानं जातं, हे आपण पहिलीत शिकलेलो असतो. स्लेट म्हणजे शेवटी पाटीच. शेजारचे काका बघायला आले होते, ते म्हणालेसुद्धा, "झाली का पाटी कोरी?" मी हसलो. आकडे गेल्याचं माझ्या ध्यानात आलं ते तीन दिवसांनी.

म्हणून सांगतो, खुणा करायच्या त्या स्लेटच्या खालच्या अंगाला, मार्करनं. त्याआधी मोबाइलवर भरपूर फोटो काढायचे: प्रत्येक जोड, प्रत्येक बोल्ट, कुठली कड दाराकडे होती ते. प्रत्येक कडेचे बोल्ट वेगळ्या पिशवीत आणि पिशवीवर चिठ्ठी. आणि तुकडे नेताना उभे न्यायचे, कडेवर, मध्ये जुनी सतरंजी घालून. आडवा उचललेला तुकडा मधोमध तडकू शकतो. आमचे तडकले नाहीत, पण त्याचं श्रेय हमालांना. ते शहाबादी फरश्या वाहणारे होते.

मग मी लाकडाकडे वळलो. पाय भरीव सागवानाचे, खरादी. वरच्या सहा कडाही सागवानी. बाजूच्या रुंद फळ्या मात्र प्लायवर सागाचं व्हिनिअर चिकटवलेल्या. हे मला तेव्हा कळायला हवं होतं. फळीच्या कापलेल्या टोकाकडे एकदा पाहिलं असतं तरी प्लायचे थर दिसले असते. मी बाजारातून इलेक्ट्रिक सँडर आणला, त्याला ऐंशी नंबरचा पेपर लावला आणि मनसोक्त चालवला. जुनं काळपट पॉलिश धुळीसारखं उडत होतं, खालून पिवळसर साग वर येत होता, मला तर सुतारकीची नस सापडल्यासारखं झालं. एका जागी रंग जरा जास्तच फिका दिसला म्हणून तिथं अजून थोडा दाब दिला. फिका रंग पसरत गेला, आणि त्यात आडव्या रेषा दिसू लागल्या. सागाच्या रेषा उभ्या होत्या. आडव्या होत्या त्या खालच्या प्लायच्या.

व्हिनिअर जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीचं असतं. हाताएवढा तो डाग आजही आहे. त्या बाजूला आम्ही क्यूचा स्टँड उभा केलाय.

आणि खरं तर सँडरची गरजच नव्हती. आपल्याकडच्या जुन्या लाकडावर बहुतेकदा स्पिरिट पॉलिश असतं, म्हणजे चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून केलेलं. न दिसणाऱ्या कोपऱ्यात स्पिरिटचे दोन थेंब टाकायचे आणि मिनिटभर थांबायचं. बोटाला चिकट लागलं तर ते चपड्याचं. मग स्पिरिटमध्ये भिजवलेली चिंधी आणि बारीक स्टील वूल यांनी ते पुसून निघतं, लाकडाला धक्का लागत नाही. काहीच झालं नाही तर वर मेलामाइन किंवा पीयू आहे. तिथं रिमूव्हर लागतो, आणि तो दारं-खिडक्या उघड्या ठेवून, हातमोजे घालूनच वापरायचा. पायांना पुन्हा स्पिरिट पॉलिश चालतं. कडांना चालत नाही. तिथं खेळणाऱ्याचे घामट हात टेकतात, कोणीतरी सरबताचा गार ग्लास ठेवतो, आणि पावसाळ्यात चपड्यावर पांढरे डाग उठतात. कडांना मेलामाइन बरं.

पायांना मी पॉलिशच्या आधी बेलतेल, म्हणजे जवसाचं तेल, दिलं. एप्रिलचा शेवट होता. दिवसभर घासून तेलाचे बोळे एका प्लास्टिकच्या बादलीत दाबून टाकले, वर जुना बनियन ठेवला आणि जेवायला वर गेलो. रात्री दीडच्या सुमाराला सौ.नं हलवून उठवलं. "अहो, खाली काहीतरी जळतंय." मी म्हणालो, शेजारी कचरा पेटवला असेल. ती म्हणाली, रात्री दीड वाजता? खाली गेलो तर बादलीतून सुतासारखा बारीक धूर निघत होता. कुठं ज्वाळा नाही, ठिणगी नाही, सिगारेट ओढणारं घरात कोणी नाही. काठीनं बनियन उचलला आणि वारा लागल्याबरोबर आतला बोळा लालबुंद झाला. बागेतली नळी जवळ होती म्हणून निभावलं. सकाळी पाहिलं तर बादलीचा तळ वितळून फरशीला चिकटलेला. तिथून हातभर अंतरावर स्पिरिटचा कॅन होता.

जवसाचं तेल वाळतं म्हणजे हवेतला प्राणवायू घेतं, आणि त्यात उष्णता निघते. चिंधी पसरलेली असेल तर ती उष्णता निघून जाते. बोळा करून दाबली तर आतच कोंडते आणि वाढत जाते. तेलाची चिंधी बाहेर तारेवर एकेक सुटी वाळत घालायची, कडक होईपर्यंत. नाहीतर पाण्यात बुडवून पत्र्याच्या झाकणाच्या डब्यात. या लेखातलं बाकी काही विसरलात तरी चालेल.

मे महिन्यात टेबल उभं केलं. स्लेटचे तुकडे बसवले तेव्हा एका सांध्यात नखाला लागेल एवढी पायरी येत होती. मधला तुकडा ओळखता येतो, त्याला मधल्या पॉकेटांच्या खाचा असतात. टोकाचे दोन मात्र जुळ्या भावंडांसारखे, आणि आकडे मी पुसलेले. सांध्यातल्या खुंट्याही आधीच्या कोणीतरी मोडून टाकलेल्या. ही पायरी का येतेय, असा प्रश्न मला पडायला हवा होता. त्याऐवजी मी गॅरेजमधून गाडीच्या पत्र्याला लावतात ती पट्टी आणली, सांध्यात भरली, घासून सपाट केली. वर हिरवा कपडा ताणला.

कुशनचं जुनं रबर दगडासारखं झालं होतं, नख रुतेना. नवं आणायला दुकानात गेलो. "टेबलाचं रबर ना?" त्यानं विचारलं. मी "हो" म्हणालो. स्नूकरचं की पूलचं, हे त्यानं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. सहाही कडांना ते चिकटवलं आणि कपडा चढवला. मोठ्या आनंदानं पहिला बॉल जोरात मारला, तो कुशनला लागून टुणकन उडाला आणि टेबलाबाहेर फरशीवर.

ज्या पुण्यात विल्सन जोन्स जन्मले, १९५८ साली कलकत्त्यात जागतिक हौशी बिलियर्ड्सचं अजिंक्यपद जिंकणारे, त्या पुण्यात मला टेबल लावणारा माणूस शोधायला तीन आठवडे लागले. दोष शहराचा नाही. मी फर्निचरवाल्यांकडे विचारत होतो. शेवटी कॅम्पातल्या एका क्लबात गुण मांडणाऱ्या मार्करनं नंबर दिला. पालख्या पुण्यातून पुढे गेल्या त्या आठवड्यात मिस्त्री आले आणि ते शोकेसचं वाक्य बोलले.

त्यांनी पोतं अंथरलं, बॅटरी घेतली आणि टेबलाखाली उताणे पडले. वरून बघितलंच नाही. दोन मिनिटांनी खालूनच आवाज आला, "साहेब, इकडं या." मी शर्टाची पर्वा न करता शेजारी आडवा झालो. स्लेटच्या खालच्या अंगाला, सांध्याजवळ, कानशीनं ओढलेल्या खुणा होत्या. एका सांध्याला एकेक रेघ, दुसऱ्याला दोन-दोन. म्हणजे तशा असायला हव्या होत्या. माझ्या टेबलात एक रेघ दोन रेघांसमोर आली होती. टोकाचे तुकडे अदलाबदल झालेले. कारखान्यात तीनही तुकडे एकत्र घासलेले असतात, ते त्याच क्रमानं बसतात. खडूच्या आकड्यांची गरजच नव्हती, खाली वाकून बघण्याची होती.

पुन्हा सगळं उघडलं. पट्टी दगडासारखी चिकटली होती. सांधा सोडवताना स्लेटच्या कडेचा रुपयाएवढा टवका निघाला. तो मोडण्याचा आवाज किती बारीक होता, आणि मला किती मोठा वाटला! मिस्त्री काही बोलले नाहीत. टवक्याची जागा त्यांनी त्याच पट्टीनं भरली, कारण तिथं ती पुन्हा उघडायची नव्हती. सांध्यांसाठी मात्र मेण. मधमाश्यांचं, मेणबत्तीचं नव्हे. मेणबत्तीचं ठिसूळ, त्याचे कपड्याखाली कण होतात. बर्नरनं दगड किंचित शेकायचा, मेण वितळवून सांध्यात सोडायचं, गार झालं की ब्लेड सपाट धरून खरवडायचं. पुढंमागं टेबल हलवायचं झालं तर ते सुखानं निघतं.

लेव्हलसाठी माझ्याकडं सुताराची दोन फुटी बाटली होती. मिस्त्रींनी ती बाजूला ठेवली. भोसरीला मित्राचं वर्कशॉप आहे, तिथून मशीन बसवताना वापरतात ती लेव्हल आणली, मीटरला दोन शतांश मिलिमीटरचा फरक दाखवणारी. आधी नुसता सांगाडा लेव्हलला, पायांखाली पाचरी मारून. मग त्यावर स्लेट, पुन्हा लेव्हल. कपडा सगळ्यांत शेवटी. मी नेमका उलटा गेलो होतो.

रबर सहाही कडांचं काढून टाकलं. पूलचा बॉल ५७ मिलिमीटरचा, स्नूकरचा साडेबावन्न. कुशनचं नाक बॉलच्या उंचीच्या साधारण ६३ टक्क्यांवर लागतं, म्हणजे पूलला सुमारे ३६ मिलिमीटर. माझं ३३ भरत होतं. नाक खाली असलं की बॉल पुढं जायच्या ऐवजी वर उडतो. दुकानात जाताना जुन्या रबराचा बोटभर तुकडा कापून खिशात ठेवायचा, तोंडी काही सांगायच्या भानगडीत पडायचं नाही. पूलचं रबर के-६६ या नावानं मिळतं, तिकोनी असतं.

लोकरीचा कपडा भर पावसात ताणू नका, असं मिस्त्री बजावून गेले. दमट कपडा ताणला तर हवा कोरडी झाल्यावर त्याची ओढ बदलते. म्हणून ऑक्टोबरची वाट पाहिली. तोवर टेबल उघड्या पाटीसारखं पडून होतं, नातीनं त्यावर मुळाक्षरं गिरवली.

ऑक्टोबरात मिस्त्री पुन्हा आले. कपडा घालण्याआधी त्यांनी एक बॉल स्लेटवर अगदी हळू सोडला, मरत मरत जाईल इतका हळू. शेवटच्या वीतभरात तो डावीकडे कलला. पुन्हा सोडला, पुन्हा कलला. लेव्हलचा बुडबुडा मध्यावर होता. मिस्त्रींनी मान हलवली. "घरात पत्ते आहेत का?" मी कॅट आणून दिला. त्यांनी न बघता वरचा पत्ता घेतला, मधल्या आणि शेवटच्या स्लेटच्या सांध्याखाली, सांगाड्याच्या लाकडावर सरकवला आणि स्क्रू आवळले. बॉल सरळ गेला.

तो पत्ता बदामाची सत्ती होता. त्या कॅटनं आता बदाम सात सुरूच करता येत नाही.