मांजराच्या यकृतातील गाठी व श्राव्यातीत ध्वनीची तपासणी

जेथे धान्याची कणगी तेथे उंदीर, आणि जेथे उंदीर तेथे मांजर, हा खेड्यातील घरांचा जुना नियम आहे. मांजराची गणना कोणी पशुधनात करीत नाही. तथापि कोठारातील धान्याची राखण ते वर्षानुवर्षे करीत असते. असे जुने मांजर खाणे सोडून कोपऱ्यात बसू लागले म्हणजे "म्हातारे झाले" असे म्हणून त्याकडे दुर्लक्ष केले जाते. क्वचित कोणी त्यास दवाखान्यात नेतो. परंतु "यकृतात गाठ आहे" हे शब्द कानी पडताच तोही आशा सोडतो. या दोन्ही गोष्टी योग्य नाहीत. गाठ दिसणे म्हणजे कर्करोग ठरणे नव्हे, हे या लेखात स्पष्ट केले आहे.

गाठींचे प्रकार

यकृत हे शरीरातील मोठे कोठार होय. पित्त तयार करणे, अन्नरस साठविणे, विषारी द्रव्ये निकामी करणे व रक्त गोठण्यास लागणारी द्रव्ये बनविणे ही त्याची मुख्य कामे आहेत. यकृतात मुळात उद्‌भवणाऱ्या गाठी मांजरात एकंदरीत कमी आढळतात. ज्या आढळतात त्यांत निरुपद्रवी गाठींचे प्रमाण मोठे असते. दहा वर्षांवरील मांजरांत पित्तनलिकांपासून वाढणारी, द्रवाने भरलेल्या कप्प्यांची निरुपद्रवी गाठ विशेषेकरून दिसते. याउलट पित्तनलिकांचा कर्करोग घातक असून तो लसीकाग्रंथी, फुप्फुसे व उदराचे आवरण यांत पसरतो. याशिवाय अन्य अवयवांतील कर्करोग यकृतात उतरू शकतो, आणि लसीका-पेशींचा कर्करोग संपूर्ण यकृतात विखुरलेला असू शकतो.

लक्षणे

भूक मंदावणे, वजन घटणे, सुस्ती, वांती, अधिक पाणी पिणे, पोट मोठे दिसणे व कधी कधी हिरड्या, कानाची आतली बाजू आणि डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा पडणे, ही लक्षणे होत. परंतु ही लक्षणे यकृताच्या इतर विकारांतही दिसतात. लठ्ठ मांजराने काही दिवस अन्न सोडले तर त्याच्या यकृतात चरबी साठून त्यास कावीळ होते. हा विकार कर्करोग नव्हे. वेळीच व नेटाने पोषण दिल्यास अशी अनेक मांजरे बरी होतात. यास्तव केवळ लक्षणांवरून निदान करू नये.

यंत्राचे तत्त्व

विहिरीत डोकावून हाक मारली असता प्रतिध्वनी परत येतो, हा सर्वांच्या अनुभवाचा विषय आहे. ज्यास व्यवहारात सोनोग्राफी म्हणतात त्या तपासणीचे तत्त्व हेच होय. माणसाच्या कानास सेकंदास सुमारे २०,००० कंपनांपर्यंतचा ध्वनी ऐकू येतो. मांजराच्या तपासणीसाठी सेकंदास ७५ लाख ते १ कोटी किंवा त्याहून अधिक कंपनांचा ध्वनी वापरतात. तो शरीराच्या मऊ भागातून सेकंदास सुमारे १,५४० मीटर वेगाने जातो व निरनिराळ्या थरांवर आदळून परततो. परतलेल्या ध्वनीपासून यंत्र पडद्यावर चित्र उमटविते. त्यात द्रव काळा दिसतो, मांसल भाग करडा दिसतो आणि हाड किंवा खडा पांढरा दिसून त्याच्यामागे सावली पडते. वायूतून हा ध्वनी पुढे जाऊ शकत नाही. गाय किती दिवसांची गाभण आहे हे पाहण्यासाठीही याच तत्त्वाचे यंत्र वापरतात.

ग्लासगो येथील डॉ. इयान डोनाल्ड व त्यांचे सहकारी यांनी माणसाच्या पोटातील गाठींची अशी तपासणी करून १९५८ साली त्यावरील लेख प्रसिद्ध केला. त्यांच्याकडे आलेल्या एका स्त्रीस असाध्य कर्करोग असल्याचे मानले गेले होते. तपासणीत तिची गाठ द्रवाने भरलेली दिसली. शस्त्रक्रियेने ती काढण्यात आली व ती निरुपद्रवी ठरली. मांजराच्या बाबतीतही हा धडा तितकाच लागू आहे.

तपासणीची रीत

मांजरास पाठीवर किंवा कुशीवर निजवितात, पोटावरील केस कापतात व कातडीस जेल लावतात, म्हणजे यंत्राचा शोधक व कातडी यांमध्ये हवा राहत नाही. तपासणीत वेदना होत नाहीत. मालकाने जवळ राहून हळुवार धरल्यास बहुतेक मांजरे शांत राहतात. जठर भरलेले असल्यास चित्र नीट दिसत नाही, म्हणून काही तास उपाशी ठेवण्यास सांगतात. मात्र ज्या मांजराने आधीच खाणे सोडले आहे, त्यास पशुवैद्यास विचारल्यावाचून आणखी उपाशी ठेवू नये.

चित्र काय सांगते, काय सांगत नाही

गाठ कोठे आहे, एक आहे की अनेक, केवढी आहे, भरीव आहे की द्रवाची, पोटात पाणी साठले आहे काय आणि जवळच्या लसीकाग्रंथी सुजल्या आहेत काय, हे चित्रावरून कळते. गाठ निरुपद्रवी की घातक, हे मात्र केवळ चित्रावरून निश्चित होत नाही. गळू, वयोमानाने येणारी गाठ व कर्करोग ही चित्रात एकसारखी दिसू शकतात.

समजा, बारा वर्षांच्या भाटीच्या यकृतात एकच मोठी, कप्प्याकप्प्यांची, द्रवाची गाठ दिसली. मालक घाबरेल, परंतु अशी गाठ पुष्कळदा निरुपद्रवी असते व एकाच खंडात असल्यास शस्त्रक्रियेने काढता येते. निरोगी यकृताचा बराच भाग काढला तरी उरलेला भाग वाढून उणीव भरून काढतो. आता समजा, दुसऱ्या बोक्याचे चित्र स्वच्छ आले. मालक निश्चिंत होईल. परंतु विखुरलेला लसीका-पेशींचा कर्करोग असताही यकृत चित्रात साधारण दिसू शकते. म्हणून चित्र वाईट असल्यास खचून जाऊ नये व चित्र चांगले असले तरी लक्षणे टिकून असल्यास तपास सोडू नये.

खरा निर्णय नमुन्यावर होतो. पडद्यावर पाहत बारीक सुई गाठीत घालून पेशी काढतात व सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. तेवढ्याने निश्चिती न झाल्यास मांसाचा लहान तुकडा घ्यावा लागतो. रोगी यकृतामुळे रक्त गोठण्यास विलंब लागण्याचा संभव असतो. म्हणून तत्पूर्वी रक्ताची तपासणी करतात. शस्त्रक्रियेचा विचार असल्यास रोग पसरला नाही ना, हे पाहण्यासाठी छातीचे क्ष-किरण चित्रही घेतात.

कार्यकर्त्यांनी सांगावयाच्या गोष्टी

१. मांजराने दोन दिवस अन्न घेतले नाही तर वाट न पाहता पशुवैद्यास दाखवावे.

२. माणसाच्या ताप व वेदनेच्या गोळ्या मांजरास कदापि देऊ नयेत. पॅरासिटामॉल मांजरास विषासमान आहे.

३. मांजराचे वय, आजाराचा आरंभ, वजनातील घट व दिलेली औषधे लिहून न्यावीत.

४. आपल्या दवाखान्यात यंत्र नसल्यास ते कोठे उपलब्ध आहे याची चौकशी तेथेच करावी. परळ, नागपूर, परभणी, उदगीर व शिरवळ येथे पशुवैद्यक महाविद्यालये आहेत.

५. "गाठ आहे" असे कळल्यावर तीन प्रश्न अवश्य विचारावेत: गाठ एक की अनेक? द्रवाची की भरीव? नमुना घेता येईल काय?

प्रत्येक मांजर वाचेलच असे नाही. रोग घातक ठरल्यास त्याचे उरलेले दिवस वेदनेवाचून जावेत, एवढेच करणे हाती राहते. परंतु जे वाचण्याजोगे आहे, ते केवळ एका शब्दाच्या भीतीने गमावले जाऊ नये. मुक्या जनावरास आपले दुखणे सांगता येत नाही; ते समजून घेण्याची साधने आज उपलब्ध आहेत. त्यांचा उपयोग वेळीच आणि पुरतेपणी करून घेणे हे पाळणाऱ्याचे कर्तव्य होय.