वेळापत्रकात न छापलेले २२ तास

चि. सायली हिस,


तू तीन प्रश्न विचारलेस. ओपन इलेक्टिव्हला कोणता विषय घेतला तर मार्क सहज पडतात, हजेरी किती असली म्हणजे भागतं आणि किती विषय राहिले तरी पुढच्या वर्षात जाता येतं. तिन्ही प्रश्न रास्त आहेत आणि पहिल्या वर्षाला प्रवेश घेतलेला जवळजवळ प्रत्येक जण ते विचारतो. पण तिन्हींच्या मुळाशी एकच समजूत आहे, की अभ्यासक्रमाच्या अटी म्हणजे कॉलेजने घातलेलं कुंपण आणि ते कमीत कमी श्रमात ओलांडायचं. ही समजूत सोडून दे, एवढंच मला सांगायचं आहे. त्या अटी मुळात तुझ्या वेळेचा हिशेब आहेत आणि त्यातला निम्मा भाग वेळापत्रकात कुठेच दिसत नाही. तो ज्याला दिसतो त्याला कॉलेज जड जात नाही. ज्याला दिसत नाही त्याची ओढाताण परीक्षा तोंडावर आली की सुरू होते.

नवीन शैक्षणिक धोरणानुसार तुझ्या बीएच्या तीन वर्षांसाठी साधारण १३२ क्रेडिट ठेवलेली आहेत, म्हणजे एका सत्राला २२. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी, आयकेएस ही आद्याक्षरांची माळ पाहून घाबरू नकोस, कारण या सगळ्यांचं माप एकच आहे. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे सत्रात १५ तास वर्ग. राष्ट्रीय क्रेडिट आराखडा मात्र एका क्रेडिटमागे एकूण ३० तासांचं शिकणं धरतो. त्यात वर्ग आला, तसं वाचन, टिपणं, असाइनमेंट आणि उजळणीही आली. आता गुणाकार कर. २२ क्रेडिट म्हणजे सत्राला ६६० तास. सत्र १५ आठवड्यांचं धरलं तर आठवड्याला ४४. त्यातले २२ वेळापत्रकावर छापलेले असतात आणि उरलेले २२ तुझे तुला मांडायचे असतात. शाळेत आणि बारावीपर्यंत हा दुसरा भाग क्लासवाले आणि घरचे मिळून भरून काढत होते. आता तो कोणी भरत नाही आणि रिकामा राहिला तरी कोणी विचारत नाही. पदवीच्या पहिल्या सत्रात हुशार मुलांचीही घसरण होते, तिचं एक मोठं कारण मला यात दिसतं.

हा हिशेब धरला की बाकीच्या अटींचा अर्थ लागतो. बऱ्याच विद्यापीठांत अंतर्गत मूल्यमापनात आणि सत्रांत परीक्षेत वेगवेगळं उत्तीर्ण व्हावं लागतं. शेवटच्या पंधरवड्यात रात्री जागून सत्रांत परीक्षा कदाचित निघेल, पण ऑगस्टमध्ये न दिलेली चाचणी आणि सप्टेंबरमध्ये न केलेलं सादरीकरण जागरणाने परत मिळत नाही. एटीकेटीचंही तसंच आहे. किती विषयांपर्यंत पुढे जाता येतं हा नियम विद्यापीठागणिक वेगळा आहे, तो तुझ्या विद्यापीठाच्या परिपत्रकात पाहा. पण पुढे जाता येतं याचा अर्थ विषय सुटला असा होत नाही. ती उधारी आहे. चार क्रेडिटचा एक विषय राहिला आणि त्याचे वर्ग पुन्हा करायचे नाहीत असं धरलं, तरी स्वतःच्या अभ्यासाचे ६० तास पुढच्या सत्रात येऊन बसतात, म्हणजे आठवड्याला ४ जास्त. असे दोन विषय राहिले की २२ चे ३० होतात. ज्याला २२ जमले नाहीत त्याला ३० कसे जमणार? म्हणूनच एकदा मागे पडलेला विद्यार्थी पुढच्या सत्रात आणखी मागे पडतो, आणि दोष मात्र बुद्धीला दिला जातो.

आता तुझा पहिला प्रश्न. मार्क पडणारा विषय घेतला तर बिघडलं कुठे, असं तू म्हणशील. हेही आकड्यांनीच तपासू. समजा तुझा ओपन इलेक्टिव्ह २ क्रेडिटचा आहे आणि सोपा विषय घेतल्यामुळे तुला ६ ऐवजी ८ ग्रेड पॉइंट मिळाले. सत्राच्या २२ क्रेडिटमध्ये त्याने सरासरी ०.१८ ने वाढते आणि संपूर्ण पदवीच्या १३२ मध्ये जेमतेम ०.०३ ने. एवढ्यासाठी तू त्या विषयाचे ६० तास देणार आहेस. तास तर दोन्हीकडे तेवढेच जाणार, मग ते कशावर जावेत हाच खरा प्रश्न आहे. महाराष्ट्रात ओपन इलेक्टिव्ह आपल्या विद्याशाखेबाहेरचा घ्यावा लागतो आणि पुष्कळांना ही अट जाचक वाटते. तुझं मेजर अर्थशास्त्र आहे. विज्ञान शाखेकडून संख्याशास्त्राची तोंडओळख किंवा वाणिज्य शाखेकडून ताळेबंद वाचायला शिकवणारा विषय मिळत असेल, तर त्या ६० तासांचा उपयोग मेजरच्या प्रत्येक पेपरात होईल. मात्र गणिताची खरोखरच धास्ती असेल आणि नापास होण्याचा धोका असेल तर सोपा विषय घे, त्यात कमीपणा नाही. वाटेल तो विषय डोळे मिटून घेऊ नकोस, एवढंच.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. वर्ग नियमित होत नाहीत, प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या आहेत, काही जण नोट्स वाचून दाखवतात, मग ७५ टक्के हजेरी कशासाठी? ही तक्रार अनेक ठिकाणी खरी आहे. पण तिचा निष्कर्ष उलटा काढला जातो. छापलेल्या २२ तासांतले ६ बुडत असतील तर तुझे स्वतःचे २२ वाढून २८ व्हायला हवेत, कारण परीक्षा अभ्यासक्रमावर होते, झालेल्या तासांवर नाही. आणि जे वर्ग चांगले होतात ते चुकवणं तर सरळ तोट्याचं, कारण तासाभरात समजणारी गोष्ट एकटीने पुस्तकातून काढायला दुप्पट वेळ लागू शकतो. कॉलेज नावापुरतं ठेवून एमपीएससी करणाऱ्यांनाही मी हेच सांगेन. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली आहे. तिथे स्वतःच्या शब्दांत मुद्देसूद उत्तर लिहिता यावं लागतं. त्याचा सराव फुकटात देणारी जागा म्हणजे कॉलेजच्या असाइनमेंट, आणि नेमक्या त्याच आपण मैत्रिणीच्या वहीतून उतरवून देतो.

तिसरा आक्षेप आयुष्याचा आहे. जाण्यायेण्यात रोजचे दोन-तीन तास जातात, काहींना काम करून शिकावं लागतं, शिवाय मित्रमैत्रिणी, कट्टा, नाटक, गॅदरिंग यांसाठीही हेच वय आहे. सगळं मान्य. आठवड्याचे तास १६८. झोपेचे ५६ आणि अभ्यासाचे ४४ वजा केले तर ६८ उरतात. त्यातून प्रवासाचे १५ आणि जेवणखाण, कपडे, खोलीची कामं यांचे २० काढले, तरी ३३ शिल्लक राहतात. एखाद्या सत्रात पुरुषोत्तम करंडकाच्या तालमींनी ते सगळे खाल्ले तरी हरकत नाही, फक्त २२ ला हात लागता कामा नये. काम करून शिकणाऱ्यांचा हिशेब याहून घट्ट असतो, हे मी नाकारत नाही. पण कर्मवीर भाऊराव पाटलांनी 'कमवा आणि शिका' ही वाट महाराष्ट्रात घालून दिली, तेव्हा काम आणि शिक्षण दोन्ही दिनक्रमात ठरवून बसवलेली होती. काम असलेल्याला नियोजनातून सूट मिळत नाही, उलट त्याची गरज दुप्पट होते.

नव्या व्यवस्थेत अडचणीच्या वेळी बाहेर पडायची दारंही आहेत. पहिल्या वर्षाची क्रेडिट पूर्ण करून आणि ४ क्रेडिटचा कौशल्य अभ्यासक्रम किंवा इंटर्नशिप करून प्रमाणपत्र घेता येतं, दुसऱ्यानंतर तसाच डिप्लोमा. तीन वर्षांच्या आत परतून एकूण सात वर्षांत पदवी पूर्ण करता येते. मिळवलेली क्रेडिट अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये जमा राहतात. आजारपण किंवा घरची अडचण आली तर या सोयीचा संकोच करू नकोस. पण तिथेही कमावलेलं क्रेडिटच जमा होतं. अर्धवट सोडलेल्या विषयाला त्या खात्यात जागा नाही.

म्हणून या आठवड्यात एवढं कर. तुझ्या विभागाचा क्रेडिट आराखडा आणि प्रत्येक विषयाचा अभ्यासक्रम छापून घे. अंतर्गत चाचण्यांच्या तारखा एका कागदावर उतरव. अपार आयडीवरचं नाव आणि गुणपत्रिकेवरचं नाव तंतोतंत जुळतं का ते पाहा. महाडीबीटीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज शेवटच्या दिवसासाठी ठेवू नकोस. मग छापील वेळापत्रकाशेजारी तुझे २२ तास वार आणि वेळेनिशी लिही. रोज सलग चार तास सापडणार नाहीत. दोन तासिकांमधला मोकळा तास, ग्रंथालयातली दुपार, रविवारची सकाळ असेच ते गोळा होतील. पहिल्या महिन्यात २२ चे १४ भरले तरी खचू नकोस, फक्त कुठले ८ गेले ते लिहून ठेव. ती यादी मला पाठव. कोणता विषय घ्यावा, काय सोडावं, कुठे कमी पडते आहेस, या प्रश्नांची उत्तरं माझ्या सल्ल्यापेक्षा तिच्यातून जास्त नेमकी मिळतील.

तुझ्या आईला आणि बाबांना नमस्कार सांग.

तुझा,
मामा