खानेसुमारीत आमचे लोहाराचे घर



दांडेघर, गोडवली, आंब्रळ, खिंगर आणि तायघाट या पाच गावांच्या मधे पाचगणी वसली. त्यांतल्याच एका गावात आमचे लोहाराचे घर आहे. गुरुजी म्हणाले, "आपल्या घराण्याचा जुना लेखी पुरावा शोधा." मला वाटले, इंग्रजांच्या खानेसुमारीत आमचे नाव नक्की असणार. मी गुरुजींनाच विचारले. त्यांनी सांगितले ते येथे देतो.

आपल्या देशात पहिली मोठी खानेसुमारी 1872 साली धरतात. पण ती सगळीकडे एकाच वेळी झाली नव्हती. पुढची 17 फेब्रुवारी 1881 च्या रात्री झाली. मोजणारा माणूस आधी घरोघर जाऊन पत्रक भरी. त्या रात्री पुन्हा फिरून ते पडताळून पाही. नाव, वय, लग्न, धर्म, जात, मातृभाषा, जन्मगाव, धंदा, लिहिता-वाचता येते का, असे रकाने होते. धंद्याच्या रकान्यात पुरुषांबरोबर काम करणाऱ्या बायका व मुले यांचेही काम लिहायचे होते.

मग बेरजा झाल्या. सातारा जिल्ह्यात 10 लाख 62 हजारांवर माणसे भरली. 1885 च्या सातारा गॅझेटियरात लोहार, सुतार, कुंभार किती, तेही छापले आहे. पण बेरीज झाल्यावर घराघरांची पत्रके जपली नाहीत. इंग्लंडात 3 एप्रिल 1881 रोजी अशीच मोजणी झाली. तिथली पत्रके जपली आहेत. तिथल्या खेड्यातल्या लोहाराचे व त्याच्या बायकोमुलांचे नाव आजही वाचता येते. आमचे घर मात्र नुसत्या आकड्यात आहे. मला फार वाईट वाटले.

घरी आजीला सांगितले. ती म्हणाली, "कागद नसंना का! मला इचार की."

आजी सांगू लागली. फाळ, विळे, खुरपी, कुऱ्हाडी वर्षभर करून द्यायच्या आणि सुगीत खळ्यावर जाऊन बलुत्याचे धान्य आणायचे. "घण मारायचा बाप्यानं, भाता वढायचा बाईनं. भाता थांबला की भट्टी गार!"

आजीने घरातल्या पुरुषांची चार पिढ्यांची नावे घडाघडा सांगितली. मी विचारले, "आणि बायकांची?" तिला फक्त तिच्या सासूबाईंचे नाव आठवले. बाकी कोणाचेच नाही. भाता तर त्यांनीच ओढला होता!

वडील म्हणाले, "2011 च्या जनगणनेत आजीला धंदा विचारला, तेव्हा तिनं 'घरकाम' सांगितलं." तेव्हाही ती रोज भाता ओढत होती.

म्हणून मी 1881 सारखे रकाने आखून घरचे पत्रक केले. आजीच्या नावापुढे लिहिले : वय 68. धंदा – लोहारकाम. आजीला वाचता येत नाही. मी वाचून दाखवले. ती थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "परत एकदा वाच."

मित्रांनो, तुमचे घर सुताराचे, कुंभाराचे, शेतकऱ्याचे, कोणाचेही असो. आजी-आजोबा आहेत तोवर असे पत्रक करा. बायकांची नावे आणि त्यांचे काम लिहायला विसरू नका. आणि ते कागद जपून ठेवा!

– इयत्ता 7 वीचा एक विद्यार्थी