साहेबांनी झाडू हाती घ्यावा का?



आपल्या धर्मग्रामातील कितीतरी जण रोज सकाळची गाडी पकडून कामाला जातात. कुणाच्या हाताखाली दहा माणसे असतात, कुणी स्वतःच दुसऱ्याच्या हाताखाली असतो. कुणाचे दुकान आहे, कुणाची वाडी आहे, आणि घरकामाला बाई तर आता बऱ्याच घरांतून येते. तेव्हा 'साहेब' म्हटले की केबिनमधलाच माणूस डोळ्यांसमोर आणायला नको. ज्याच्या शब्दावर दुसरा माणूस राबतो तो त्या वेळेपुरता साहेबच. अशा माणसाने हलके समजले जाणारे काम स्वतः करावे का, याचा आज आपण थोडा विचार करू या.

पवित्र गुरुवारचा पाय धुण्याचा विधी आपण दरवर्षी पाहतो. हा प्रसंग फक्त संत योहान सांगतो (योहान १३:१-१५). त्याच भोजनाच्या वेळी आपल्यांत मोठा कोण, यावरून शिष्यांमध्ये वाद झाला, असे संत लूक नोंदवतो (लूक २२:२४). दोन्ही वर्णने शेजारी ठेवून वाचली तर चित्र पुरे होते. धुळीचे रस्ते, पायांत साध्या वहाणा, आणि पाय धुणे हे गुलामाचे काम. मोठेपणाचा वाद घालणाऱ्यांपैकी कुणी पाण्याचे भांडे उचलल्याची नोंद नाही. प्रभू उठला, त्याने बाह्यवस्त्र काढून ठेवले व कमरेला रुमाल बांधला.

पेत्राने नकार दिला. हा त्याचा विनय होता असे आपण समजतो. पण गुरूने हे काम केले तर उद्या ते आपल्यालाही करावे लागणार, हे त्याला तिथेच उमगले नसेल ना, अशी शंका आम्हांला येते. कारण पुढे प्रभूने नेमके तेच सांगितले. आणखी एक गोष्ट सहसा आपल्या लक्षात येत नाही. पाय धुऊन झाल्यावर येशूने वस्त्र पुन्हा घातले, तो आपल्या जागी बसला, आणि तुम्ही मला गुरू व प्रभू म्हणता ते योग्यच आहे, असे त्याने बजावले. म्हणजे त्याने आपला अधिकार सोडला नाही.

मग साहेबाने रोज झाडूच मारावा काय? पवित्र शास्त्र तसे म्हणत नाही. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच लोकांचे तंटे सोडवत बसे, तेव्हा सासऱ्याने त्याला कामे वाटून द्यायला लावले (निर्गम १८). विधवांच्या रोजच्या अन्नवाटपाची तक्रार आली तेव्हा बारा प्रेषितांनी पंगतीची व्यवस्था स्वतःकडे घेतली नाही. त्यासाठी सात जण निवडले (प्रेषितांची कृत्ये ६). मात्र हे सात जण पवित्र आत्म्याने व ज्ञानाने परिपूर्ण असावेत अशी अट होती, आणि प्रार्थना करून त्यांच्यावर हात ठेवण्यात आले. काम दुसऱ्याला दिले, पण ते हलके मानून दिले नाही.

काही साहेब झाडू घेतात तो शिपायावर विश्वास नसतो म्हणून. काही घेतात ते चारचौघांत त्याला लाजवण्यासाठी. फोटोपुरता झाडू धरणारे तर सर्वांच्या परिचयाचे आहेत, त्यांच्यावर जागा खर्च करण्याचे कारण नाही.

१९०१ साली कलकत्त्याच्या काँग्रेस अधिवेशनात गांधीजींनी शौचालयांची घाण स्वयंसेवकांना दाखवली. ते आमचे काम नाही, भंग्याचे आहे, असे उत्तर मिळाले. गांधीजींनी झाडू मागून घेतला व स्वतःपुरते शौचालय साफ केले. पण गर्दी इतकी व शौचालये इतकी थोडी, की सगळी साफ ठेवणे आपल्या आवाक्याबाहेरचे आहे, हे त्यांनी आत्मकथेत सरळ लिहिले आहे. एका मोठ्या माणसाच्या झाडूने काय होते आणि काय होत नाही, दोन्ही त्यात आले. हाताने मैला साफ करायला लावण्यावर बंदी घालणारा नवा कायदा २०१३ साली झाला, तरी गटारात उतरलेली माणसे गुदमरून दगावल्याच्या बातम्या थांबलेल्या नाहीत.

हलके काम स्वतः करण्याचा खरा उपयोग इथे आहे, असे आम्हांला वाटते. ज्याने एक दिवस वाकून सगळी लादी पुसली, तो दुसऱ्याच दिवशी लांब दांड्याचा पोछा विकत आणतो. हातमोजे फाटलेत, बाईला चहा प्यायला बसायची जागा नाही, हे त्याला अर्ज न करता कळते. आणि पगाराचे काय? याकोबाच्या पत्रात मजुरांच्या अडवून ठेवलेल्या मजुरीबद्दल फार कडक शब्द आहेत (याकोब ५:४). पोप लिओ तेरावे यांनी १८९१ मध्ये आणि पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ मध्ये कामगारांविषयी परिपत्रके लिहिली, त्यांतही न्याय्य वेतनाचा आग्रह आहे. वर्षातून एकदा कामगारांना स्वतः जेवण वाढायचे आणि ओव्हरटाइमचे पैसे दोन महिने लांबवायचे, यात पाय धुणे नाही.

पोप फ्रान्सिस यांनी निवड झाल्यानंतरच्या पहिल्याच पवित्र गुरुवारी, २०१३ साली, रोममधील बालगुन्हेगारांच्या तुरुंगात बारा तरुण कैद्यांचे पाय धुतले. त्यांत मुली होत्या, मुसलमानही होते. १७ एप्रिल २०२५ रोजी, मृत्यूच्या चारच दिवस आधी, ते पुन्हा एका तुरुंगात गेले. त्या वेळी प्रकृतीमुळे पाय धुणे त्यांना शक्य नव्हते, तरी कैद्यांना भेटायला ते गेले.

आपल्या सणाच्या जेवणानंतर हॉलमधली भांडी कोण घासतो, याचा विचार करताना संत बेनेडिक्टची मठनियमावली वाचण्यासारखी आहे. सहाव्या शतकातली ती नियमावली सांगते की स्वयंपाकघरातील सेवा सर्व बंधूंनी आठवड्याच्या पाळीने करावी. आजारपण किंवा तसेच महत्त्वाचे काम असेल तरच सूट. अशक्तांना मदतनीस द्यावा. पाळी संपणाऱ्याने शनिवारी साफसफाई करावी, हातपाय पुसायचे पंचे धुवावेत, आणि पाळी घेणाऱ्यासह सर्वांचे पाय धुवावेत. भांडी स्वच्छ व धड अवस्थेत कोठाराच्या अधिकाऱ्याकडे परत द्यावीत. पाहुण्यांच्या हातांवर पाणी मठाधिपतीने स्वतः घालावे. आणि वाढणाऱ्यांना जेवणाच्या तासभर आधी नेहमीच्या वाट्याखेरीज थोडी भाकरी व पेय द्यावे, म्हणजे त्यांना कुरकुर न करता इतरांना वाढता येईल.