मंदीच्या काळात ग्राहकाने काय करावे : खर्च की बचत?

बाजारात मंदी आली, की घरोघरी एकच प्रश्न उभा राहतो : हातातला पैसा खर्च करावा, की राखून ठेवावा? घरातील वडीलधारी माणसे पैसा राखण्याचा सल्ला देतात. अर्थशास्त्रज्ञ आणि शासन मात्र अशा वेळी अनेकदा खर्चाला उत्तेजन देतात. दोन्ही सल्ले हितबुद्धीने दिलेले असतात व दोन्हींना आधारही आहे; परंतु सामान्य ग्राहकाची त्यामुळे ओढाताण होते. या प्रश्नाचा विचार हवेत न करता एखाद्या प्रदेशाच्या प्रत्यक्ष व्यवहारावर दृष्टी ठेवून केला, तर उत्तर अधिक स्वच्छ दिसते. माळव्यातील धार व देवास हा परिसर त्या दृष्टीने अभ्यासण्यासारखा आहे. पवार घराण्याच्या या दोन जुन्या संस्थानांशी मराठी माणसाचे नाते अठराव्या शतकापासूनचे आहे. येथे काळ्या मातीची शेती आहे, आदिवासी मजूर आहे, मोठे कारखाने आहेत आणि देवासला चलनी नोटा छापणारा सरकारी छापखानाही आहे.

राजगढचा बाजार

धार जिल्ह्याच्या सरदारपूर तालुक्यातील राजगढ हे इंदूर-अहमदाबाद मार्गावरील गाव. मोहनखेडा हे जैनांचे तीर्थक्षेत्र येथून जवळच आहे. भोवताली सोयाबीन, गहू व कापूस पिकविणारी शेती, तर पश्चिमेकडे भिल्ल समाजाची वस्ती. अशा गावच्या बाजारात शेतकरी येतो, शिक्षक येतो, यात्रेकरू येतो. आणि ज्यांच्या घरचे कोणी पिथमपूरच्या कारखान्यात कामाला आहे किंवा मजुरीसाठी गुजरातेत गेलेले आहे, अशी कुटुंबेही येतात. होळीच्या आधीच्या आठवड्यात धार, झाबुआ, अलीराजपूर व बडवानी या जिल्ह्यांतील आठवडी बाजारांत भगोरिया भरतो. बाहेरगावी गेलेला मजूर त्या वेळी गाठीला चार पैसे बांधून परततो. कपडे, चांदी, गूळ, भांडी यांची खरेदी होते. दूरच्या शहरात बांधकामे थांबली, तर त्याची बातमी वर्तमानपत्रापूर्वी या बाजाराला कळते.

याचे कारण सोपे आहे. एकाचा खर्च हे दुसऱ्याचे उत्पन्न असते. समजा, राजगढमधील एका शिक्षकाने घराच्या छपराची दुरुस्ती पुढे ढकलली. गवंड्याची मजुरी बुडाली. गवंड्याने मुलाचे कपडे शिवण्याचे टाळले. शिंप्याने किराणा कमी आणला. प्रत्येकाने आपल्यापुरता शहाणपणाचाच निर्णय घेतला. परंतु सर्वांची मिळून मिळकत मात्र घटली. मिळकत घटल्यावर शिल्लक तरी कोठून पडणार? सगळ्यांनी एकाच वेळी बचत वाढविली, तर एकूण बचत वाढेलच असे नाही, हा अर्थशास्त्रातील प्रसिद्ध विरोधाभास तो हाच.

तो आकड्यांनीही मांडता येतो. प्रत्येक जण मिळालेल्या १०० रुपयांपैकी ८० रुपये पुढे खर्च करीत असेल, तर मूळच्या १०० रुपयांतून १००, ८०, ६४ अशा उतरत्या क्रमाने एकूण ५०० रुपयांची उलाढाल होते. भीतीमुळे प्रत्येकाने ५० रुपयेच पुढे सोडले, तर हीच उलाढाल २०० रुपयांवर येते. देवासची बँक नोट प्रेस १९७४ पासून नोटा छापीत आली आहे. परंतु नोटेचे काम छापून होत नाही, ती हातोहाती फिरली तरच होते.

१९३१ : दोन देश, दोन गृहिणी

जागतिक महामंदीच्या ऐन भरात, जानेवारी १९३१ मध्ये, इंग्रज अर्थशास्त्रज्ञ जॉन मेनार्ड केन्स यांनी रेडिओवरून भाषण केले. बचत करणे हे अशा वेळी देशकार्य नसून उलट त्याने कोणाचा तरी रोजगार जातो, असे सांगून त्यांनी इंग्लंडमधील गृहिणींना बाजारात जाऊन खरेदी करण्याचे आवाहन केले. याच विचाराची शास्त्रशुद्ध मांडणी त्यांनी १९३६ च्या आपल्या ग्रंथात केली.

त्याच वर्षी हिंदुस्थानातील गृहिणीची स्थिती काय होती? शेतमालाचे भाव १९२९ नंतर दोन-तीन वर्षांत सुमारे निम्म्यावर आले होते. शेतसारा व सावकाराचे व्याज मात्र रुपयांत ठरलेले. ते निम्मे झाले नाही. म्हणजे पूर्वी एक गाडी कापूस विकून जे देणे फिटे, त्यासाठी आता दोन गाड्या लागू लागल्या. सप्टेंबर १९३१ मध्ये ब्रिटनने पौंडाचा सोन्याशी असलेला संबंध तोडला व सोन्याचा भाव चढला. तेव्हा खेडोपाडीच्या कुटुंबांनी अंगावरचे दागिने मोडून देणी भागविली आणि पुढील काही वर्षांत कोट्यवधी रुपयांचे सोने देशाबाहेर गेले. अर्थशास्त्राच्या इतिहासात त्याला ‘विपत्तीचे सोने’ असे म्हणतात.

या दोन गृहिणींना एकच सल्ला देता आला नसता. इंग्लंडमधील मध्यमवर्गीय गृहिणीच्या घरी महिन्याचे वेतन येत होते आणि वस्तू स्वस्त झाल्या होत्या. तिच्या खर्चाने कारखान्यातील मजुराला काम मिळणार होते. येथील शेतकऱ्याच्या घरी खर्च करण्याजोगे काही उरलेच नव्हते. त्याला तारले ते पूर्वी साठविलेल्या सोन्याने.

देवासचा धडा

त्याच काळातील देवासचे उदाहरण वेगळी बाजू दाखविते. थोरली पाती म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थानाचे अधिपती तुकोजीराव पवार, तिसरे, हे सुसंस्कृत व दिलदार गृहस्थ होते. १९२१ मध्ये इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर हे काही महिने त्यांचे खाजगी कार्यवाह होते व त्या दिवसांचे चित्रण त्यांनी पुढे १९५३ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. परंतु संस्थानाचा खर्च उत्पन्नाच्या बाहेर गेलेला होता आणि कर्ज वाढत होते. मंदीच्या वर्षांत हा डोलारा सावरता आला नाही. १९३३ च्या अखेरीस महाराजांनी देवास सोडून पाँडिचेरी गाठली व १९३७ मध्ये तेथेच त्यांचे निधन झाले.

मंदीत खर्च करावा हे तत्त्व खरे मानले, तरी तो खर्च करण्याचे सामर्थ्य तेजीच्या वर्षांत कमवावे लागते, हा यातील बोध होय. जे संस्थानाला लागू, तेच चार माणसांच्या संसाराला लागू. चांगल्या हंगामात ज्याने शिल्लक टाकली नाही, त्याला वाईट हंगामात उदार होता येत नाही.

पिथमपूरची चाके

धार जिल्ह्यातील पिथमपूर हे १९८० नंतरच्या दशकात उभे राहिलेले औद्योगिक क्षेत्र वाहनांच्या निर्मितीसाठी प्रसिद्ध आहे. आयशर कंपनीच्या मालमोटारींचे उत्पादन येथे १९८६ मध्ये सुरू झाले. वाहन ही पुढे ढकलता येण्याजोगी खरेदी असल्यामुळे मंदीचा पहिला फटका अशा गावांना बसतो. रोज लागणारे पीठ, मीठ कोणी टाळीत नाही. नवी मोटार मात्र वर्षभर थांबू शकते.

२००८ च्या जागतिक आर्थिक संकटात केंद्र सरकारने डिसेंबर २००८ मध्ये उत्पादन शुल्क सर्वसाधारणपणे ४ टक्क्यांनी व फेब्रुवारी २००९ मध्ये आणखी २ टक्क्यांनी उतरविले. रिझर्व्ह बँकेने रेपो दर ऑक्टोबर २००८ मधील ९ टक्क्यांवरून एप्रिल २००९ पर्यंत ४.७५ टक्क्यांवर आणला. त्याच सुमारास सहाव्या वेतन आयोगाची थकबाकी केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या हाती पडली. निश्चित उत्पन्नाच्या कुटुंबांनी खरेदी केली आणि बाजार तुलनेने लवकर सावरला.

२०१९ ची गोष्ट निराळी होती. ऑगस्ट २०१९ मध्ये देशातील प्रवासी मोटारींची विक्री आदल्या वर्षीच्या त्याच महिन्यापेक्षा सुमारे ३१ टक्क्यांनी घटली. मालमोटारींचीही मागणी ढासळली. तथापि त्यामागे केवळ ग्राहकाची भीती नव्हती. जुलै २०१८ मध्ये मालमोटारींची भारवहन मर्यादा वाढविण्यात आल्याने जुन्याच गाड्यांत अधिक माल नेता येऊ लागला होता, आणि सप्टेंबर २०१८ नंतर बिगर बँक वित्तसंस्थांकडून मिळणारे कर्ज आटले होते. अशा वेळी सामान्य ग्राहकाने ऋण काढून मोटार घेणे हा त्यावरील उपाय नव्हे. मंदीचे मूळ कोठे आहे हे पाहिल्याविना खर्चाचा उपदेश करणे उचित ठरत नाही.

महासाथीचा अनुभव

२०२० मध्ये कोविडच्या साथीमुळे एप्रिल ते जून या तिमाहीत राष्ट्रीय उत्पादन आदल्या वर्षापेक्षा सुमारे एक चतुर्थांशाने घसरले. काहींची दुकाने बंद, काहींचे उत्पन्न बंद. पण ज्यांचे वेतन चालू होते त्यांचा पैसा बँकेत साठत राहिला. २०२०-२१ या वर्षात कुटुंबांची निव्वळ आर्थिक बचत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ११ टक्क्यांहून अधिक झाली. ती सर्वांची बचत नव्हती. अनेक घरांत त्याच वेळी दागिने गहाण पडत होते.

१२ ऑक्टोबर २०२० रोजी केंद्र सरकारने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी दोन योजना जाहीर केल्या. प्रवास सवलतीच्या रकमेतून वस्तू खरेदी करण्याची मुभा व १०,००० रुपयांची बिनव्याजी सण अग्रिम रक्कम. ती दहा हप्त्यांत परत करावयाची होती व ३१ मार्च २०२१ पर्यंत खर्च करावयाची होती. खर्चाचे आवाहन ज्यांचे वेतन निश्चित आहे त्यांनाच करण्यात आले, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. दुसरीकडे, मार्च ते ऑगस्ट २०२० या काळात कर्जाचे हप्ते स्थगित ठेवण्याची सवलत मिळाली. परंतु व्याजाची आकारणी चालूच होती, हे अनेक कर्जदारांना नंतर उमगले. हप्ता थांबला म्हणजे कर्ज थांबले असे नव्हे.

ज्याच्यापाशी ना वेतन ना शिल्लक, त्याचे काय? त्याला खर्च वा बचत हा पर्यायच नसतो. त्याच्यासाठी शासनाला खर्च करावा लागतो. महाराष्ट्राने १९७२ च्या दुष्काळात ही दिशा दाखविली. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली रोजगार हमी योजना १९७७ च्या कायद्याने हक्क बनली. पुढे केंद्राची ग्रामीण रोजगार हमी फेब्रुवारी २००६ मध्ये पहिल्या २०० जिल्ह्यांत लागू झाली, तेव्हा त्यांत धार जिल्हा होता. अशा कामावरील मजुरी दुसऱ्याच आठवड्यात बाजारात उतरते. मजुराचे पोट भरते आणि दुकानदाराचे गिऱ्हाईकही टिकते.

ग्राहकाने काय करावे?

या साऱ्या विवेचनातून एक निष्कर्ष निघतो. खर्च की बचत याचे उत्तर मंदीवरून ठरत नाही. पुढील सहा महिन्यांचे आपले उत्पन्न किती निश्चित आहे, यावरून ठरते.

ज्यांचे वेतन किंवा निवृत्तिवेतन निश्चित आहे, त्यांनी ठरलेला व गरजेचा खर्च भीतीपोटी पुढे ढकलू नये. छपराची दुरुस्ती, विहिरीचे काम, मुलांचे शिक्षण, औषधोपचार हे खर्च मंदीत केल्याने अनेकदा कमी दरात होतात व गावातल्याच माणसाला काम मिळते. दूरच्या कारखान्यातून आलेल्या वस्तूवरील पैसा गावाबाहेर जातो. गवंडी, सुतार, शिंपी यांना दिलेला पैसा गावात फिरतो.

ज्यांचे उत्पन्न कंत्राटी, हंगामी वा कमिशनवर अवलंबून आहे, त्यांनी प्रथम जास्त व्याजाचे कर्ज फेडावे आणि निदान तीन ते सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला काढावा. देशाच्या बाजाराची चिंता त्यांनी वाहण्याचे कारण नाही. त्यांचे घर कोसळले, तर बाजारातील एक गिऱ्हाईक कायमचे कमी होते. कर कमी झाला किंवा हप्ता सोपा झाला, एवढ्यावरून अनावश्यक वस्तू घेणे कोणासही परवडत नाही.

बचत कोठे ठेवावी, हाही प्रश्न तितकाच महत्त्वाचा. भिल्ल स्त्रियांच्या अंगावरील चांदी ही शोभा तर आहेच, शिवाय ती घराची शिल्लक आहे. पेरणी किंवा आजारपण आले की ती गहाण पडते. अडीनडीला ती उपयोगी पडते हे खरे. परंतु तिच्यावर व्याज मिळत नाही आणि गहाण पडल्यावर उलट द्यावे लागते. बँकेत किंवा डाकघरात ठेवलेली रक्कम व्याज देते व कर्जरूपाने दुसऱ्याच्या कामीही येते. बँकेतील ठेवींना ४ फेब्रुवारी २०२० पासून प्रत्येक बँकेत प्रत्येक ठेवीदारामागे ५ लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. पतसंस्थांतील ठेवी या विम्याच्या कक्षेत येत नाहीत, हे ठेवीदाराने विसरू नये.

मंदी ही ऋतूसारखी येते व जाते. तिच्यात एका घराने पैसा सोडावा व दुसऱ्याने राखावा, यात विसंगती नाही. शिक्षकाने छपराची दुरुस्ती करवून घ्यावी आणि गवंड्याने त्या मजुरीतून सावकाराचे देणे उतरवावे. एकाच रकमेने दोन घरे सावरतात. राजगढच्या बाजाराला हवी असते ती एवढीच समज.