मोटारीचा रंग आणि किनाऱ्यावरील हवा

मोटारीचा रंग केवळ शोभेसाठी असतो, असा समज सर्वत्र आढळतो. वस्तुतः तो पोलादी पत्र्याचे कवच आहे. आजच्या मोटारीवरील सर्व लेप मिळून त्यांची जाडी साधारणतः १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या भागाहून किंचित अधिक असते. इतक्या पातळ कवचाला आपण किती निष्काळजीपणे वागवतो!

गोव्याच्या किनारपट्टीत समुद्रावरून येणारे मिठाचे सूक्ष्म कण गाडीवर सतत साचत असतात. हवेतील आर्द्रता शेकडा ७५ च्या वर गेली की हे मीठ ओलावा शोषून आपोआप विरघळते. पाऊस नसतानाही उभ्या गाडीवर खाऱ्या पाण्याचा पातळ थर राहतो, आणि रंगाचा टवका उडालेल्या जागी गंज धरतो. म्हणून गाडी आठवड्यातून एकदा तरी गोड्या पाण्याने धुवावी. खाजण भागातील विहिरीचे मचूळ पाणी या कामी वापरणे म्हणजे मीठ घालवण्यासाठी मीठच लावणे होय.

सकाळी कोरड्या फडक्याने गाडी पुसण्याची सवय चालकवर्गात फार आहे. जांभ्या मातीच्या धुळीत कठीण कण असतात. कोरडे फडके ते रंगावर घासते व बारीक चरे पाडते. प्रथम भरपूर पाणी ओतून धूळ वाहू द्यावी, नंतर गाडीसाठीचा सौम्य शांपू व मऊ कापड घेऊन टपापासून खाली यावे. कपड्यांच्या साबणाची भुकटी मेणाचा थर काढून टाकते. काथ्या तर मुळीच नको. रॉकेलच्या फडक्याने येणारी चकाकी दोन दिवसांची असते व तिच्यावर धूळ अधिकच बसते. पक्ष्यांची विष्ठा उन्हात वाळू न देता भिजवून काढावी.

मात्र वरची चकाकी फसवी असते. प्रस्तुत लेखकाच्या गाडीचा रंग आरशासारखा होता, तरी दोन पावसाळ्यांत दारांच्या खालच्या कडा आतून कुजल्या. दाराच्या तळाशी पाणी निथळण्यासाठी असलेली छिद्रे चिखलाने बुजली होती. बारीक काडीने ती मोकळी करण्यास पाच मिनिटेही लागली नसती. पत्रा बदलण्यास मात्र चार दिवस गेले.

पत्र्यापर्यंत टवका उडाला असेल, तर बारीक पॉलिश पेपरने गंज पूर्ण घासून काढावा, जागा पुसून सुकवावी, प्रायमरचा पातळ हात द्यावा व तो वाळल्यावर रंगाचे दोन पातळ हात द्यावेत. मेण त्यानंतर काही आठवड्यांनी. हे काम मृग लागण्यापूर्वीच उरकावे. ओल्या पत्र्यावर दिलेला रंग ओलावा आत कोंडतो आणि थोड्याच काळात फुगून सुटतो.